घरच्या सीएनसीसाठी एलएम गाईड आणि मोटर: कुठली, किती आणि का

घरी सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने कटर फिरवून कापणारं यंत्र) बांधायला निघालेल्या माणसाचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. "एलएम गाईड १५ची चालेल की २०ची घेऊ?" आणि "मोटर किती किलोची?" दुकानात विचारलं तर उत्तर लगेच मिळतं, कारण दुकानदाराकडे जे पडून असतं तेच नेमकं तुमच्या कामाचं निघतं. पण दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एक समजूत आहे: रेल, म्हणजे यंत्राचे भाग जिच्यावरून सरळ सरकतात ती एलएम गाईड, घ्यायची ती वजन पेलायला आणि मोटर घ्यायची ती जोर लावायला. घरच्या यंत्रात या दोन्ही बाबतींत आपण गरजेच्या कितीतरी पुढे असतो. यंत्र फसतं ते रेलच्या खालचा पृष्ठभाग वाकडा असल्यामुळे, आणि मोटर वेग घ्यायला लागली की तिचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, गळून पडतो त्यामुळे. म्हणून खरेदीची यादी हातात धरण्याआधी थोडं गणित करू. अवघड नाही, गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे फारसं जात नाही.

आधी कटर, मग यंत्र

सगळी निवड कटरच्या टोकापासून मागे मागे येत करायची. काय कापणार, किती मोठं, किती वेगाने. या लेखापुरता एक नमुना धरू: ६०० × ४०० मिमी कामाची जागा, झेडचा (वर-खाली) प्रवास १०० मिमी, ८०० वॅटचा स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर). काम मुख्यतः प्लायवूड, एमडीएफ, ॲक्रिलिकचं, अधूनमधून ॲल्युमिनियमची प्लेट. फ्लॅटच्या बंदिस्त बाल्कनीत बसेल एवढं यंत्र. शेजाऱ्यांना कसं पटवायचं तो भाग तुमचा.

वेग काढायचा तो असा: स्पिंडलचे आरपीएम गुणिले कटरच्या धारांची संख्या गुणिले प्रत्येक धारेने काढायची चिप, म्हणजे तुकड्याची जाडी. १८,००० आरपीएम, दोन धारांचा कटर, प्लायमध्ये ०.१ मिमी चिप धरली तर मिनिटाला ३,६०० मिमी. ॲल्युमिनियमला एका धारेचा कटर आणि ०.०५ मिमी चिप घेतली तर ९००. म्हणजे लाकडाला वेग हवा आणि ॲल्युमिनियमला ताठपणा हवा. एकाच यंत्राकडून दोन्ही मागायचं असेल तर कुठेतरी मधे उभं राहावं लागणार.

आता जोर. ६ मिमी कटरची धार १८,००० आरपीएमला सेकंदाला साधारण ५.६५ मीटर वेगाने फिरते. पॉवर भागिले वेग म्हणजे बल, त्यामुळे ८०० वॅट पुरेपूर वापरले तरी धारेवर १४० न्यूटन येतात, म्हणजे जेमतेम १४ किलोचा जोर. त्या वेगाला याहून जास्त मागाल तर यंत्राच्या आधी स्पिंडलच मान टाकेल. हा १४० न्यूटनचा आकडा लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

रेलचे प्रकार

एचजी मालिकेतल्या १५ नंबरच्या रेलवर धावणाऱ्या साध्या ब्लॉकची डायनॅमिक भारक्षमता कॅटलॉगमध्ये ११.३८ किलोन्यूटन दिलेली असते, २०ची १७.७५. म्हणजे १५चा एकच ब्लॉक हजार किलोच्या वर जातो आणि आपण एका अक्षाला असे चार लावणार. समोर आहेत १४० न्यूटन आणि पंधरा-वीस किलोची गँट्री, म्हणजे स्पिंडल वाहून नेणारी आडवी कमान. भाराच्या निकषावर १५ काय, १२सुद्धा पास होते. तेव्हा "किती वजन घेते" हा प्रश्न इथेच सोडून देऊ. खरे प्रश्न दोन: कापताना किती लवते, आणि बसवायला किती सपाट जागा मागते.

फक्त दोन्ही टोकांना धरलेला गोल रॉड लवण्याच्या बाबतीत पहिल्याच फेरीत बाद होतो. १६ मिमीचा रॉड, ६०० मिमीचा गाळा, मधोमध १०० न्यूटन: रॉड ०.६८ मिमी खाली जातो. दोन रॉडवर भार वाटला तरी ०.३४ मिमी. वर लांबी दुप्पट केली तर लवणं आठपट, आणि व्यास दुप्पट केला तर सोळावा हिस्सा. थ्रीडी प्रिंटरचं हलकं डोकं अशा रॉडवर मजेत धावतं, कटर धावत नाही. स्वस्त किटमध्ये हेच रॉड असतात आणि त्या किटने कापलेलं भोक गोल येत नाही, त्यामागचं एक कारण हे.

एसबीआर १६ किंवा २०, म्हणजे खाली पूर्ण लांबीभर ॲल्युमिनियमचा आधार असलेला गोल रॉड. याला बरीच मंडळी नाकं मुरडतात. माझं मत थोडं वेगळं आहे. ब्लॉक खालून उघडा असल्यामुळे त्याचा ताठपणा कमी, थोडा प्ले (ढिलेपणा) असतो, तो ब्लॉकच्या स्क्रूने आवळून कमी करता येतो. पण पृष्ठभागातली चूक एसबीआर पोटात घालते. तुमचा बेड (यंत्राचा खालचा सांगाडा) मशीनिंग न केलेला असेल आणि काम प्लाय-एमडीएफपुरतंच असेल, तर एसबीआर २० हा अगदी शहाणपणाचा सौदा आहे.

चौकोनी प्रोफाइल रेल, म्हणजे आपल्याकडे जिला सरसकट एलएम गाईड म्हणतात ती एचजीआर १५ किंवा २०. चारही बाजूंनी सारखा भार घेते, प्ले जवळपास नसतो. मात्र ती पृष्ठभागावर बसते आणि त्या पृष्ठभागासारखीच होते. बोल्ट आवळले की रेल खालच्या जागेचा आकार घेते. वेल्डिंग करून तसाच ठेवलेला एमएसचा (साध्या पोलादाचा) सांगाडा अर्धा-एक मिमी सहज वाकडा असतो. त्यावर रेल आवळली तर ती तेवढीच वाकते, ब्लॉक एका जागी सैल धावतो आणि दुसऱ्या जागी जाम होतो. या रेलच्या जोडीला समांतरपणा साधारण २० ते २५ मायक्रॉनच्या आत हवा असतो. प्रीलोड (ब्लॉकमधल्या गोळ्यांवर आधीच दिलेला दाब) जेवढा जास्त, तेवढी ही मर्यादा कडक. म्हणून घरच्या कामाला हलका प्रीलोड, झेड-झीरो, मागा. "जास्त टाइट म्हणजे जास्त चांगलं" म्हणून कुणी झेडए किंवा झेडबी गळ्यात मारत असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

एमजीएन १२ ही छोटी रेल दिसायला गोंडस. बोल्ट एम३चे, ब्लॉकची एकूण उंची १३ मिमी. पीसीबी कोरणाऱ्या छोट्या यंत्राला उत्तम. आपल्या नमुन्यात तिला जागा नाही.

मग १५ की २०? १५ला एम४चे बोल्ट, २०ला एम५चे. फरक भारापेक्षा या बोल्टच्या पकडीत आणि ब्लॉकच्या ताठपणात जास्त जाणवतो. आपल्या नमुन्याला १५ पुरते. ॲल्युमिनियम "अधूनमधून" न राहता रोजचं होणार असेल तर एक्स आणि वायला २० घ्या. ३० वगैरे घेऊन नुसतं वजन वाढतं, कारण त्या टप्प्यावर रेलपेक्षा तुमची गँट्री जास्त लवत असते.

ब्लॉकमध्ये दोन तऱ्हा आहेत. एचजीएच अरुंद, त्याला बोल्ट वरूनच येतो. एचजीडब्ल्यू रुंद पंखाचा, त्यातल्या सीसी प्रकाराला बोल्ट वरून किंवा खालून, कसाही लावता येतो. आता हे बारीक वाटेल, पण गँट्रीची प्लेट बसवताना पाना कुठून घालणार हे आधीच चित्रात बघा. नंतर पान्याला जागाच नाही असं होतं आणि लेझर कटिंगला दिलेल्या प्लेटा पुन्हा कराव्या लागतात.

लांबी मागवताना एक घोळ हमखास होतो: ६०० मिमी प्रवास म्हणून ६०० मिमीची रेल. रेलची लांबी म्हणजे प्रवास, अधिक दोन ब्लॉकच्या मध्यांतलं अंतर, अधिक एका ब्लॉकची लांबी, अधिक दोन्ही टोकांना थोडी मोकळीक. १५चा ब्लॉक साधारण ६१ मिमी लांब. दोन ब्लॉक १५० मिमी अंतरावर ठेवले तर ६०० + १५० + ६१, वर दोन्हीकडे वीस-वीस. ८५० मिमीची रेल लागली. भोकांचं अंतर १५ आणि २० दोन्हींत ६० मिमी असतं. कापून घेताना पहिल्या भोकाचं टोकापासूनचं अंतर दोन्ही रेलना सारखं ठेवायला सांगा. रेलचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, हॅकसॉचं पातं तिथे नुसतं घासतं. अब्रेसिव्ह कटरवरच कापावी लागते.

ब्लॉक कुठे ठेवायचे

इथे पैसे लागत नाहीत, फक्त डोकं लागतं, आणि फरक मात्र सगळ्यात जास्त पडतो. कटरचं टोक रेलपासून जेवढं लांब, तेवढा ब्लॉकमधला नगण्य प्ले टोकाला मोठा होऊन दिसतो. ब्लॉकमधलं अंतर १०० मिमी आणि टोक रेलपासून २०० मिमी लांब असेल तर ब्लॉकजवळचे १० मायक्रॉन टोकाला २० होतात. म्हणून गँट्रीवरच्या दोन रेलमधलं उभं अंतर निदान टोकाच्या लोंबण्याएवढं ठेवा. झेडचा प्रवास १०० पुरत असताना "असू दे कधीतरी लागेल" म्हणून २०० करू नका. तो कधीतरी येत नाही, आणि रोज कापताना यंत्र थरथरतं.

गँट्री ॲल्युमिनियम प्रोफाइलची करणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: ॲल्युमिनियम पोलादाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ताठ. त्यामुळे ४०४० (४० × ४० मिमी) सारखं बारकं प्रोफाइल एकटं लावू नका. उंच बाजू उभी ठेवून ४०८० किंवा त्याहून जाड घ्या, मागून एक प्लेट मारा.

बेड सपाट करणं

पुण्यात राहण्याचा फायदा इथे आहे. भोसरी एमआयडीसी, चिंचवड, चाकण या पट्ट्यात मशीनिंगची कामं घेणारे वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. वेल्ड केलेला बेड टेम्पोत टाकून नेता येतो आणि मोठ्या व्हीएमसी किंवा प्लॅनो मिलर या यंत्रांवर रेलच्या सीट (रेल बसायच्या सपाट जागा) मारून मिळतात. ड्रॉइंग मात्र नीट न्या. तोंडी सांगितलेलं काम तोंडी बिघडतं.

ड्रॉइंगवर तीन गोष्टी ठळक लिहा. एक, दोन्ही रेलच्या सीट एकाच सेटिंगमध्ये मारायच्या. जॉब उलटून दुसरी सीट मारली की समांतरपणा गेलाच. दोन, मास्टर रेलच्या (जिच्यावरून दुसरी रेल जुळवायची तिच्या) सीटला एका कडेने ३ मिमी उंचीची पायरी सोडायची, म्हणजे रेल तिला टेकवून आवळता येते आणि सरळपणा आपोआप येतो. ही पायरी ४ मिमीच्या वर गेली तर ब्लॉक तिला घासेल. तीन, सगळं वेल्डिंग मशीनिंगच्या आधी पूर्ण झालेलं हवं. नंतर "एक छोटा ब्रॅकेट तेवढा टाकतो" म्हणून टाका मारला की सीट पुन्हा ओढली जाते. जमलं तर मधे स्ट्रेस रिलीव्ह (तापवून आतला ताण काढणं) करून घ्या.

मशीनिंग परवडत नसेल तर दुसरी वाट आहे ती पातळ इपॉक्सीची, जे ओतल्यावर स्वतःहून समपातळीत येतं. दोन्ही सीटभोवती बांध घालायचे आणि दोन्हींना जोडणारा एक पाट ठेवायचा, म्हणजे दोन्हीकडची पातळी एकच राहते. सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी घ्या आणि त्याला पुरेसे दिवस द्या. कडेला ते थोडं चढतं, म्हणून सीट रेलपेक्षा बरीच रुंद ठेवायची. अर्थात याने सपाटपणा मिळतो; आडवा सरळपणा तुम्हालाच साधावा लागतो.

जुनी रेल घ्यावी का

मी म्हणेन घ्यावी, पण बघून. मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे आणि भंगारवाल्यांकडे मोडीत निघालेल्या यंत्रांच्या जपानी किंवा तैवानी रेल मिळून जातात. नव्या बिननावाच्या रेलपेक्षा नीट राहिलेली जुनी टीएचके किंवा एनएसके कधीही बरी.

बघायचं कसं? ब्लॉक रेलवर एका बोटाने ढकला, अगदी सावकाश. हाताला अखंड, तेलात चालल्यासारखी चाल लागली पाहिजे. मधेच बारीक टकटक जाणवली तर गोळ्यांच्या वाटेत खड्डा आहे. मग रेलवरचे गोळ्यांचे चार पट्टे मोबाइलच्या टॉर्चमध्ये तिरपे धरून बघा. एकसारखी मंद चकाकी ठीक. पुसून न जाणारे तपकिरी ठिपके किंवा खवले दिसले तर घेऊ नका. ठिपका पुसून जातो, खड्डा जात नाही. नख फिरवून बघितलं की फरक कळतो. शेवटी ब्लॉक दोन बोटांत धरून पिळा. जराही खटखट झाली तर प्रीलोड गेलेला आहे.

ब्लॉक रेलवरून काढून दाखवायचा आग्रह धरू नका आणि दुकानदार काढायला लागला तर थांबवा. बऱ्याच ब्लॉकमधल्या गोळ्या रेल निघाली की खाली सांडतात. काढायचाच असेल तर प्लास्टिकचा डमी रेलचा तुकडा टोकाला लावून त्यावर सरकवायचा. आणि जोडी एकाच यंत्रातली, एकाच नंबरची हवी. एक रेल एका कंपनीची आणि दुसरी भलत्याच कंपनीची घेतली तर ब्लॉकची उंची जुळत नाही.

नव्या रेलवर नावाजलेल्या कंपनीचं नाव कोरलेलं आणि भाव निम्मा, असंही दिसतं. नावाची खातरजमा तुम्हाला करता येणार नाही, चालीची येते. वरच्या तिन्ही परीक्षा नव्यालाही लावा.

स्क्रूची लीड

मोटर निवडण्याआधी बॉल स्क्रू (गोळ्यांच्या नटमधून फिरून अक्ष सरकवणारा आटेदार रॉड) ठरवावा लागतो, कारण मोटरला किती वेगाने फिरायचं ते लीड, म्हणजे एका फेऱ्यातलं सरकणं, ठरवते. १६०५ म्हणजे १६ मिमी व्यास आणि एका फेऱ्याला ५ मिमी. १६१० म्हणजे तोच व्यास, फेऱ्याला १० मिमी.

३,६०० मिमी वेगाला १६०५ला ७२० आरपीएम लागतात, १६१०ला ३६०. स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या स्टेपनी फिरणारी) ६००-७००च्या पुढे थकायला लागते. म्हणून लाकूडकामाला एक्स-वायवर १६१० आणि ॲल्युमिनियमला १६०५ असा माझा कल आहे. झेडला मात्र १६०५च. बॉल स्क्रू इतका हलका फिरतो की वीज गेली की स्पिंडलचं वजन त्याला उलटा फिरवतं. ८ किलोचं झेड असेल तर १६१०वर मोटरला साधारण ०.११ न्यूटन-मीटर उलटा टॉर्क येतो, १६०५वर त्याच्या निम्मा. नेमा २३ (५७ मिमी तोंडाच्या) मोटरचा वीज नसतानाचा अटकाव या १६०५च्या आकड्याच्याच आसपास असतो. म्हणजे १६०५वर झेड बहुधा जागेवर थांबतो आणि १६१०वर सरळ जॉबमध्ये घुसतो. महावितरणची कृपा लक्षात घेता हा मुद्दा पुस्तकी नाही.

बाजारातले रोल केलेले स्क्रू सी७ दर्जाचे असतात, म्हणजे ३०० मिमीमागे साधारण ०.०५ मिमीची चूक. छंदाच्या यंत्राला पुरतं. टी८ ट्रॅपेझॉइडल स्क्रू स्वस्त असतो, पण त्यात बराच जोर घर्षणात जातो आणि नट झिजला की प्ले येतो. लांब स्क्रू वेगाने फिरवला तर दोरीउडीच्या दोरीसारखा मधे फुगतो. मीटरभर लांबीच्या १६०५ला, एक टोक घट्ट धरून दुसऱ्याला आधार दिला असेल तर, १,५०० आरपीएमच्या पुढे नेऊ नका. लांबी वाढली की ही मर्यादा लांबीच्या वर्गाच्या पटीत घसरते.

मोटर

आता "किती किलोची?" या प्रश्नाकडे. दुकानातला किलो म्हणजे किलो-सेंटिमीटर, आणि तो होल्डिंग टॉर्क: मोटर उभी असताना ती किती धरून ठेवते. उभ्या मोटरने काही कापलं जात नाही. १ न्यूटन-मीटर म्हणजे १०.२ किलो-सेंटिमीटर, एवढं रूपांतर पाठ ठेवा म्हणजे दोन दुकानांचे आकडे ताडून बघता येतील.

१ न्यूटन-मीटर टॉर्क १६०५ स्क्रूवर साधारण १,१३० न्यूटन ढकल देतो. आपली गरज १४० न्यूटन, म्हणजे कापायला ०.१३ न्यूटन-मीटरसुद्धा लागत नाही. मग बाकीचा टॉर्क कशाला? वेग घ्यायला. इथे एक गंमत आहे. १५ किलोची गँट्री मोटरला किती जड वाटते ते काढलं तर ५ मिमी लीडमुळे ती जेमतेम ९५ ग्रॅम-वर्ग-सेंटिमीटर एवढं जडत्व दाखवते. आणि ८०० मिमी लांबीचा स्क्रू स्वतःच सुमारे ४०० दाखवतो. मोटरचा रोटर जवळपास तेवढाच. म्हणजे वेग घेताना मोटर मुख्यतः स्वतःला आणि स्क्रूला फिरवत असते, गँट्री त्यात कुठेतरी कोपऱ्यात. म्हणून गँट्री हलकी करण्यासाठी तिला भोकं पाडून ताठपणा घालवणं हा घाट्याचा व्यवहार आहे. सेकंदाला ५०० मिमी प्रति सेकंद एवढ्या त्वरणाला हे सगळं मिळून ०.०६ न्यूटन-मीटर होतं.

कापणं, त्वरण, नट-बेअरिंगचं घर्षण सगळं धरून ०.३ मानू. स्टेपरला दुप्पट राखीव द्यायची, म्हणून ०.६ न्यूटन-मीटर. पण ७२० आरपीएमला. ही अट सोडली की सगळं गणित वाया. विक्रेत्याकडे टॉर्क-स्पीडचा आलेख मागा आणि तो कुठल्या व्होल्टेजचा आहे ते वाचा. आलेख देत नसेल तर निदान इंडक्टन्स (मोटरच्या गुंडाळीचा करंट बदलायला होणारा विरोध) विचारा. त्याच आकारात इंडक्टन्स जेवढा कमी, तेवढा टॉर्क वेगाला जास्त टिकतो. म्हणूनच ३० किलोची जाडजूड मोटर ७०० आरपीएमला कधी कधी १९ किलोच्या मोटरच्या मागे पडते.

नेमा १७ म्हणजे ४२ मिमी चौकोनी तोंडाची मोटर, नेमा २३ ५७ मिमीची, नेमा ३४ ८६ मिमीची. हा नंबर फक्त तोंडाचा आकार सांगतो, ताकद सांगत नाही. आपल्या नमुन्याला नेमा २३, ७६ मिमी लांबीची, १.९ न्यूटन-मीटर म्हणजे १९ किलोच्या आसपासची मोटर चपखल बसते. नेमा ३४ घेऊन बसणाऱ्यांनी तिचा रोटर किती जड असतो ते बघावं, आणि तिला लागणारं व्होल्टेजही.

गँट्री रुंद असेल तर वायला दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू आणि एकेक मोटर. मधोमध एकच स्क्रू लावून काम भागतं, पण कटर एका टोकाला गेला की गँट्री तिरकी व्हायला बघते. दोन मोटर लावल्या तर लिमिट स्विचही दोन हवेत, म्हणजे दर वेळी सुरुवातीला गँट्री आपली आपण काटकोनात येते.

क्लोज्ड-लूप स्टेपर (आपली जागा स्वतः तपासणारी) घ्यावी का? तिने टॉर्क फारसा वाढत नाही. स्टेप सुटली तर ती सावरायचा प्रयत्न करते, नाही जमलं तर अलार्म देऊन थांबते. महागाचं लाकूड कापत असाल तर तेवढ्यासाठी घ्या. ४०० वॅटची एसी सर्वो १.२७ न्यूटन-मीटर टॉर्क ३,००० आरपीएमपर्यंत सलग देते. ते सुख वेगळंच, पण या आकाराच्या यंत्रात ३,००० आरपीएम वापरायला जागाच नसते.

ड्रायव्हर आणि वीज

मोटरला किती व्होल्ट द्यायचे याचा एक ठोकताळा आहे: मिलीहेन्रीमधल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ गुणिले ३२. ही कमाल मर्यादा. ४ मिलीहेन्रीला ६४ व्होल्ट निघतात. तेवढे द्यायलाच हवेत असं नाही, पण १२ किंवा २४ व्होल्टवर नेमा २३ चालवणाऱ्यांची मोटर वेगाला का सुटते, याचं उत्तर इथे आहे.

डीएम ५४२ ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारं सर्किट) ५० व्होल्टपर्यंत चालतो. त्याला ३६ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) द्या. ४८ देऊ नका, कारण मोटर थांबताना वीज उलटी ढकलते आणि ५०ची मर्यादा क्षणात ओलांडली जाते. टीबी ६६०० स्वस्त आहे आणि चालतोही, पण मधल्या वेगांना मोटर कुरकुरते. फरकाची रक्कम एवढी थोडी असते की तिथे काटकसर करू नये. चार मोटर २.८ ॲम्पियरच्या असतील तर बेरीज ११.२, त्याचे दोन तृतीयांश म्हणजे साडेसात. ३६ व्होल्ट १० ॲम्पियरचा एक एसएमपीएस पुरला. तो, वायर आणि कनेक्टर बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. एमसीबी, स्विच, पॅनेलचं सामान तापकीर गल्लीत. मोटरची वायर ड्रायव्हर चालू असताना काढू नका, ड्रायव्हर जागच्या जागी जातो.

मायक्रोस्टेप (एका स्टेपचे किती तुकडे करायचे ते) ८ वर ठेवा. एका फेऱ्याला १,६०० पल्स, १६०५वर मिमीला ३२०. ३,६०० मिमी वेगाला सेकंदाला १९,२०० पल्स होतात. आर्डुइनो उनो बोर्डवरचं जीआरबीएल हे नियंत्रणाचं सॉफ्टवेअर ३०,०००च्या आसपास दम सोडतं. १६ मायक्रोस्टेप केले की ३८,४०० लागतात आणि मग लोक मोटरला दोष देतात. मायक्रोस्टेप वाढवून चाल मऊ होते, अचूकता त्या पटीत वाढत नाही.

बसवणी आणि तपासणी

रेल बसवण्याआधी सीटवर तेलाचा दगड फिरवून बारीक बर (कडेचे खरखरीत उंचवटे) काढा, कापडाने पुसा. मास्टर रेल पायरीला टेकवून मधल्या बोल्टपासून दोन्ही टोकांकडे आवळत जा. लोखंडात एम४ला साधारण ४ न्यूटन-मीटर, एम५ला ९. ॲल्युमिनियममध्ये त्याच्या निम्मं. दुसरी रेल सैल ठेवा. मास्टरच्या ब्लॉकवर डायल (सुईने बारीक फरक दाखवणारं माप) बसवून त्याचं टोक दुसऱ्या रेलच्या कडेला लावा आणि ब्लॉक सरकवत सुई बघत एकेक बोल्ट आवळा. डायल नसेल तर उसना आणा, पण अंदाजाने करू नका. नंतर गँट्री चढवून, स्क्रू न जोडता, हाताने इकडून तिकडे ढकला. कुठेही अडली तर शेवटचे बोल्ट सैल करून पुन्हा. या अवस्थेत जी अडचण सुटत नाही ती मोटर लावून सुटत नाही, फक्त दिसेनाशी होते.

मोटर जोडल्यावर एका बाजूला डायल लावून शून्य करा आणि यंत्र पूर्ण वेगाने भरपूर फेऱ्या मारून परत त्याच जागी आणा. फरक आला आणि दर खेपेला वाढत गेला, तर स्टेप सुटतायत: त्वरण कमी करा किंवा व्होल्टेज तपासा. फरक आला पण तेवढाच राहिला, तर तो प्ले आहे: कपलिंगचा (मोटर आणि स्क्रूच्या जोडाचा) स्क्रू, बेअरिंगचा नट, बॉल नट या क्रमाने बघा. बहुतेक वेळा कपलिंगच निघतं.

रेल साध्या कार्बन स्टीलच्या असतात आणि पुण्याच्या पावसाळ्यात बाल्कनीतली हवा त्यांना सोडत नाही. जूनच्या आधी ब्लॉकच्या निपलमधून लिथियम ग्रीस भरा. ग्रॅफाइट किंवा मॉली घातलेलं ग्रीस टाळा. ग्रीस भरल्यावर ब्लॉक पूर्ण लांबीभर काही वेळा फिरवा आणि उघड्या रेलवर तेलाचा पातळ हात मारा. एमडीएफ कापून झालं की आधी व्हॅक्यूम, मग तेल. उलटं केलं तर भुशाचा लगदा होतो आणि तो थेट ब्लॉकच्या सीलमध्ये जाऊन बसतो.